शिवलेले खिसे

बँकेतले साहेब कोट परत घेऊन आले, तेव्हा मास्तर दुकानात कापडावर खुणा करायच्या खडूला धार करत बसले होते.

"मास्तर, थट्टा करायचं वय आहे का आपलं?" साहेबांनी कोट टेबलावर टाकला. "मीटिंगमध्ये रुमाल काढायला गेलो, तर हात खिशात जाईचना. सगळे बघतायत आणि मी आपला कोट चाचपतोय."

मास्तरांनी कोट उजेडात धरला. अस्तर बदलायला आलेला कोट होता, कालच दिलेला. दोन्ही बाजूंचे खिसे शिवून बंद केले होते, छातीवरचाही. नवा कोट देताना खिसे कच्च्या दोऱ्याने बंद करायची शिंप्यांची रीतच असते. खिसा लोंबत नाही, आणि गिऱ्हाइकाने एक दोरा ओढला की मोकळा होतो. पण हे कच्चे टाके नव्हते. मुंगीच्या पावलाएवढे बारीक, पक्के टाके, एकामागे एक, थेट अस्तरापर्यंत गेलेले. खिसा जन्मात उघडू नये म्हणून घातल्यासारखे.

मास्तर हसले, माफी मागितली, ब्लेडने टाके उसवून दिले. साहेब गेल्यावर मात्र त्यांनी ते दोऱ्याचे तुकडे गोळा करून निरखले. उसवताना खिशाच्या कडेला दिसलेली सुईची भोकंही त्यांच्या लक्षात होती. हातशिलाई हस्ताक्षरासारखी असते, लपत नाही. मास्तर डावखुरे, त्यांचा टाका इतरांपेक्षा उलटा कलायचा. हे टाके त्यांचेच होते. घातल्याची आठवण मात्र काडीची नव्हती.

मास्तर तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचे. एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान होतं. एक पायाने चालवायचं मशीन, कापायचं लांब टेबल, दुपारी पडायला एक बाक, आणि कोपऱ्यात दांडीवर टांगलेले कोट. चाळीस वर्षं त्यांनी कोटांशिवाय काही शिवलं नव्हतं. वहीत माप लिहायची सवय नव्हती. दहा वर्षांनी परत आलेल्या माणसालाही ते म्हणायचे, "डावा खांदा अजून अर्धा बोट खालीच आहे तुमचा. पोट तेवढं पुढे आलंय." त्यांची बायको सांगायची, "आमच्या लग्नाची तारीख सोडून यांच्या सगळं लक्षात राहतं."

अशा माणसाला आपण काय शिवलं ते आठवू नये, हे विचित्रच. पण एकदा झालं, चुकून झालं असेल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

मग वास यायला लागला. लोकर इस्त्रीखाली करपली की जसा येतो, तसा. मास्तर धावत जाऊन इस्त्री बघायचे, तर ती थंडगार. घरी जेवताना वास आला. रस्त्याने चालताना आला. "काही जळतंय का गं?" असं ते बायकोला विचारायचे आणि ती सगळ्या खोल्या हुंगून यायची. "काही नाही हो. तुमच्या नाकातच दुकान शिरलंय."

वासाबरोबर आणखी एक गोष्ट यायची, ती त्यांनी बायकोला सांगितली नाही. पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं. नुसती शंका नव्हे, खात्री. उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर, गिऱ्हाईक ट्रायलला उभं राहतं तसं गप्प उभं. मास्तर वळायचे. भिंत. अर्ध्या मिनिटात सगळं ओसरायचं आणि मग डोकं असं ठणकायचं, की कुणी एका कानशिलातून सुई घालून दुसऱ्यातून ओढतंय.

एका मंगळवारी ते सकाळी अंथरुणात उठून बसले. पाय चपलेत घातले. आणि पुढच्याच क्षणी ते दुकानात उभे होते. हातात टेप, समोर एक जाडजूड माणूस बनियनवर, दोन्ही हात पसरून.

"मास्तर," तो माणूस वैतागून म्हणाला, "चौथ्यांदा छाती मोजताय. आणि मंगळवार आहे हो, मंगळवार! किती वेळा सांगू?"

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ. दाढी केलेली होती. शर्ट इस्त्रीचा होता. घरून दुकानापर्यंत वीस मिनिटांची वाट, दोन मोठे रस्ते ओलांडायचे, मग कुलूप, शटर, झाडलोट. हे सगळं कुणीतरी केलं होतं, त्यांचे हातपाय वापरून. त्या माणसाचं माप पाचव्यांदा घेऊन त्यांनी पहिल्यांदाच ते कागदावर लिहिलं.

त्या दिवशी बायकोच्या कानावर घालावंच लागलं. ती म्हणाली, "सकाळी तुम्ही बरे होतात की. फक्त तेच तेच विचारत होतात. मला वाटलं, कुणाचा तरी राग काढताय."

मग डॉक्टरांच्या वाऱ्या सुरू झाल्या. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, पित्त. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर वाढलाय. नवा चष्मा आला, त्यातून करपल्याचा वास तेवढाच स्वच्छ यायचा. बायको म्हणाली, "आजार रेड्याला आणि औषध पखालीला!" शेजारच्या चपलावाल्याने तर आवाज खाली आणून सांगितलं, की या जिन्याखालच्या खोलीत पूर्वी कोण राहायचं याची एकदा चौकशी करा. मास्तर त्याच्यावर खेकसले. पण त्या दिवसापासून ते मशीनवर भिंतीला पाठ लावून बसू लागले.

आपण नसताना आपल्या मशीनवर कोण बसतं, हे एकदा बघायचंच असं त्यांनी ठरवलं. एका दुपारी शटर गुडघ्यापर्यंत खाली ओढलं. खडूची दोन कांडकी कुटून भुकटी केली आणि गाळणीने सबंध फरशीवर पातळ थर पसरला, मशीनभोवती, टेबलाखाली, कोटांच्या दांडीपर्यंत. चपला काढल्या, मागे मागे सरत बाकावर चढले आणि नेहमीसारखे आडवे झाले. एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

डोळे उघडले तेव्हा ते बाकावर बसलेले होते. दोन वाजून दहा मिनिटं. अंग हलकं, डोकं जड. झोप छान लागली, एवढंच त्यांना वाटलं. मग त्यांनी खाली पाहिलं.

बाकापासून मशीनपर्यंत अनवाणी पावलं गेली होती. मशीनपासून कोपऱ्यात, कोटांच्या दांडीकडे. तिथे दोन पावलं शेजारी शेजारी, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्याखालची भुकटी पार पुसून गेली होती, म्हणजे बराच वेळ कुणी तिथे हललं नव्हतं. मग पावलं परत बाकाकडे आली होती.

ती चोराची निघाली असती तर मास्तरांनी त्याला मिठी मारली असती. पण चाळीस वर्षं मशीन चालवून त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा आत वळला होता. पावलात तो तसाच उमटला होता. त्यांनी पाय वर करून बघितला. तळवा पांढराफटक. मशीनच्या सुईखाली एक बाही अडकलेली होती, मनगटाकडचं तोंड बारीक टाक्यांनी बंद केलेली.

मास्तरांनी ओल्या फडक्याने फरशी पुसली. बाही उसवली. कुणाला काही सांगितलं नाही.

त्याच महिन्यात लेक चार दिवस माहेरपणाला आली. पहिल्याच संध्याकाळी गप्पांच्या ओघात हसत म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नात तुम्ही बोलायला उभे राहिलात आणि नुसतेच ढसाढसा रडलात. सासरचे अजून काढतात ते."

"हो ना," मास्तर म्हणाले आणि हसले.

ती आत गेल्यावर त्यांनी लग्न आठवायचा प्रयत्न केला. चार वर्षंच झाली होती. हॉल कुठला? काही नाही. पाऊस होता की ऊन? काही नाही. अंधुक, पुसट असंही नाही, सफाचट. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना त्यांनी अल्बम काढला. फोटोत लेकीच्या शेजारी एक माणूस राखाडी कोट घालून उभा होता. कॉलर त्यांनीच बसवलेली, हे त्यांनी लगेच ओळखलं. कोटातला माणूस मात्र त्यांना अनोळखी वाटला. डोळे रडून सुजलेले, ओठ घट्ट मिटलेले. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. तोही.

बायकोने आता कंबर कसली. गावातल्या नावाजलेल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती पाच आठवड्यांनी मिळाली. मास्तर एकटेच आत गेले, बायकोला बाहेर बसवलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, काय होतं? मास्तर म्हणाले, "काही आठवत नाही." खरंच होतं ते. पण त्यामुळे पुढे सांगण्यासारखंही काही उरलं नाही. स्कॅन झाला, तो वयाच्या मानाने ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, विस्मृतीच्या आजाराची सुरुवात दिसते, हळूहळू वाढत जाईल, घरच्यांनी तयारी ठेवावी. पाच मिनिटांत बाहेर.

घराच्या पायऱ्या चढताना बायको एवढंच म्हणाली, "मला विसरणार असाल तर आधी सांगा हं." आणि पदराने तोंड पुसत भराभर पुढे गेली.

त्यातून वाट दाखवली ती नर्सताईंनी. त्या मोठ्या सरकारी रुग्णालयात वॉर्डाच्या प्रमुख. थंडीचा कोट उसवला म्हणून एका दुपारी त्या दुकानात आल्या, तेव्हा मास्तर नुकतेच बाकावरून उठत होते.

"या," मास्तर म्हणाले. मग ते थांबले. ओठ चाटल्यासारखे करू लागले. डावा हात शर्टाच्या बटणांवर फिरू लागला, वर-खाली, वर-खाली. डोळे नर्सताईंच्या खांद्यावरून मागे लागलेले.

नर्सताईंच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांच्या नोकरीतही आला. पण त्यांनी हाका मारल्या नाहीत की गदगदा हलवलं नाही. घड्याळ बघितलं आणि स्टूल ओढून बसल्या. मिनिटभराने मास्तर शांतपणे मशीनवर जाऊन बसले. त्यांच्याशी नीट बोलले, कोट घेतला, दोरा रंगाला लावून पाहिला. आणि दर दोन मिनिटांनी विचारत राहिले, "आज वार कोणता?"

तेवीस मिनिटांनी त्यांनी मान वर केली. "अरे! नर्सताई, कधी आलात?"

"बसा मास्तर," त्या म्हणाल्या. "ही फिट आहे."

"फिट? मला?" मास्तर हसायला गेले. "फिट म्हणजे फेस येतो, हातपाय झाडतात."

"ती एक तऱ्हा झाली. काहींना अशी येते. माणूस चालतो, बोलतो, आणि आठवणींचं दार तेवढं बंद असतं."

"पण मेंदूचे डॉक्टर झाले की दाखवून."

"तुम्ही फ्रॉक शिवता का?"

"नाही बुवा."

"का? शिंपीच ना तुम्ही?" नर्सताई म्हणाल्या. "तसंच आहे. आमच्याकडे दर बुधवारी फक्त फिटचे रुग्ण बघतात, एक डॉक्टरबाई आहेत. त्यांच्याकडे जा. एकटे जाऊ नका. ज्यांनी हे डोळ्यांनी बघितलंय त्यांना बरोबर न्या. तारखा लिहून ठेवा. आणि पुन्हा झालं, तर मोबाइलवर चित्रण करा."

हे शेवटचं काम बायकोकडे आलं. पहिल्या वेळी तिने मोबाइल असा धरला, की नुसतं छत दिसलं. दुसऱ्या वेळी बटण दाबायचं राहून गेलं. तिसऱ्या वेळी जमलं. त्यात काय आहे ते तिने मास्तरांना दाखवलं नाही. "डॉक्टरांसमोरच बघू," म्हणाली, आणि त्या आठवड्यात तिने घरातले सगळे दिवे संध्याकाळपासूनच लावायला सुरुवात केली.

बुधवारी दोघं रुग्णालयाच्या बाकावर तीन तास बसले. डॉक्टरबाई बारीक चणीच्या, पिकल्या केसांच्या. मास्तर तोंड उघडणार तोच त्यांनी हात केला. "तुम्ही थांबा. तुम्ही तिथे नव्हतात. या होत्या. तुम्ही सांगा हो."

बायकोने डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. तारखांचा कागद पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो वाचला, बहुतेक वेळा झोपेतून उठल्यावरच्या होत्या, त्यांना खूण केली. मग मास्तरांकडे वळून सहज विचारलं, "वास कसला येतो?"

मास्तरांच्या मानेवरचे केस उभे राहिले. डोकेदुखीच्या नादात वासाचं त्यांनी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. "करपलेल्या लोकरीचा," ते पुटपुटले.

"आणि मागे कुणी उभं असतं?"

बायकोने झटकन त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी मान खाली घातली. "उजवीकडे," ते म्हणाले.

मग चित्रण लावलं. पडद्यावर घरची खिडकी, खुर्ची, खुर्चीत मास्तर. मांडीवर त्यांचाच जुना कोट. ते खिसा शिवत होते, सुंदर, एका लयीत. बायकोचा आवाज आला, "अहो, खिसा का बंद करताय?"

"बंद करायला सांगितलंय," पडद्यावरचे मास्तर वर न बघता म्हणाले.

"कुणी?"

"कुणी काय? हे काय, तुझ्या मागे उभे आहेत."

चित्र हेलकावलं. बायको गर्रकन वळली होती. भिंत दिसली, भिंतीवरचं कॅलेंडर, बंद दार. बराच वेळ नुसतं दार. आणि मागून सुईचा, कापडातून दोरा ओढल्याचा बारीक आवाज.

डॉक्टरबाईंनी ते पुन्हा एकदा पाहिलं.

"बाई," बायको शेवटी म्हणाली, "तिथे कुणी नव्हतं. मी बघितलं."

"नसणारच. मेंदूच्या एका कोपऱ्यात विजेचा गोंधळ होतो. वास तोच निर्माण करतो, माणूसही तोच उभा करतो."

"मग मला का वाटलं, की आहे?"

"कुणालाही वाटलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मलाही आत्ता वळून बघावंसं वाटलं." मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "जुनं काही गेलंय का? प्रवास, लग्नकार्य?"

मास्तरांनी चष्मा काढून हातात घेतला. "लेकीचं लग्न," ते म्हणाले. बायकोने त्यांचा हात धरला, आणि ती त्या खोलीतून बाहेर पडेपर्यंत सोडला नाही.

मेंदूचा आलेख काढायला आदल्या रात्री जागरण करून या, असं सांगितलं होतं. तंत्रज्ञ पोरीने टेप काढली आणि मास्तरांच्या डोक्याचं माप घेऊन पेन्सिलीने खुणा करायला लागली. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसाला राहवेना. "टेप तिरकी धरलीयेस बाळा, अर्धा बोट फरक पडेल." ती हसली आणि तिने टेप सरळ केली. वायरी चिकटवल्या, दिवा मालवला, मास्तर झोपले. झोपेत डाव्या कानाच्या वरच्या बाजूला आलेखाने पुन्हा पुन्हा टोकं काढली, शिवणीत मधेच सुई उसळावी तशी.

"विस्मृतीचा आजार नाही हा," डॉक्टरबाईंनी सांगितलं. "फिटच आहे, आणि अशा फिट बहुतेक वेळा औषधाला ऐकतात. गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही. सध्या शिडीवर चढायचं नाही, न्हाणीघराला आतून कडी नाही, एकट्याने इस्त्री नाही."

"आणि लग्न?" मास्तरांनी विचारलं.

"ते परत येईल असं मी सांगणार नाही. खोटी आशा नको. यापुढचं जाणार नाही, एवढं बघू."

पहिले पंधरा दिवस मास्तर पेंगत राहिले, चिडचिड करत राहिले. बायको म्हणाली, आगीतून फुफाट्यात आलो. मग हळूहळू झोप उतरली. एक महिना गेला, दोन गेले. वास आला नाही. डोकेदुखी थांबली. कोटांचे खिसे उघडे राहिले. एकदाच, लेकीकडे जाताना गोळ्या घरी राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या स्वच्छ, नव्या घरात करपलेली लोकर दरवळली आणि उजव्या खांद्यामागे कुणीतरी येऊन उभं राहिलं, जणू पत्ता शोधत आलं होतं. मास्तरांनी त्याच दिवशी औषधाचं दुकान गाठलं आणि कानाला खडा लावला.

त्याच मुक्कामात त्यांनी लेकीला खरं सांगितलं. ती आत जाऊन तोंड धुऊन आली, त्यांच्यासमोर बसली आणि पहिल्यापासून सुरू झाली: सकाळी किती वाजता उठलो, कुणाची चप्पल हरवली, बोलायला उभं राहून ते कुठल्या शब्दाला अडखळले. मास्तर कुणा दुसऱ्याच घरची गोष्ट ऐकावी तसे लक्ष देऊन ऐकत होते. मधे मधे विचारत होते, "मग? मग काय केलं त्याने?"

आता तिसरं वर्ष चालू आहे. मास्तर मापं वहीत लिहितात. हरवलेले आणखी दिवस अधूनमधून सापडतात, म्हणजे ते हरवलेत हे सापडतं. एखादा प्रवास, एखादं आजारपण. बायको त्यांना ते सांगते आणि सांगताना थोडं आपल्या पदरचं घालते, असा मास्तरांना संशय आहे. परवाच ती म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी तुम्ही मला शब्द दिला होतात. समुद्र बघायला नेणार म्हणून. चांगला आठ दिवस."

मास्तरांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून ताकास तूर लागेना. आपण खरंच तसं म्हणालो होतो की नाही, हे तपासायला त्यांच्याजवळ काहीही नव्हतं. आत हात घालून चाचपलं तर नुसता अंधार.

"दिला असेल," ते म्हणाले, आणि कपाटावरची बॅग काढायला शेजाऱ्याला हाक मारली, कारण शिडीवर चढायची बंदी अजून उठलेली नाही.